उणे अडीचची रेघ

व्यापारी घरांत आकड्याला मान असतो. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद होत नाही, आणि दिवाळीला वही बदलली तरी मागील बाकी नव्या पानावर ओढली जातेच. अशा घरांतून गेल्या काही वर्षांत शरीराचेही आकडे हक्काने येऊन राहिले आहेत. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल हे आता घरातलेच झाले. त्यांच्या पंगतीत अलीकडे आणखी एकाने पाट मांडला आहे, तो म्हणजे हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर. तो बहुधा उणे असतो, आणि उणे आकडा पाहिला की व्यापाऱ्याच्या मनात जे होते तेच घरातील स्त्रियांच्या मनात होते.

या आकड्याची पहिली गाठ सहसा मोफत शिबिरात पडते. समाजाच्या भवनात सकाळी खुर्च्या मांडल्या जातात, एका छोट्या यंत्रात टाच ठेवायला सांगतात, आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हाती येते. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा आणि लाल असा पट्टा असतो व त्यावर एक बाण. लाल पट्ट्यावर बाण आलेली स्त्री दुपारी धसका घेऊन घरी परतते. हिरव्या पट्ट्यावर बाण आलेली स्त्री निश्चिंत होऊन जिना चढते. या दोघींपैकी खरा धोका कोणाला आहे, हे त्या चिठ्ठीवरून ठरवता येईलच असे नाही. आणि नेमकी हीच गोष्ट शिबिराच्या गर्दीत कोणी सांगत नाही.

हा आकडा कोठून आला ते पाहणे उपयोगाचे आहे. १९६३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी हाडातून किरणांचा बारीक झोत पाठवून, पलीकडे किती पोहोचला यावरून हाडातील खनिजाचे माप काढण्याची पद्धत मांडली. १९८७ च्या सुमारास डेक्सा हे यंत्र बाजारात आले. त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरतात, त्यामुळे मांस आणि हाड यांचा हिशेब वेगळा करता येतो. खुबा आणि कंबरेचे मणके ही त्याची मुख्य ठिकाणे. किरणांची मात्रा अगदी अल्प असते. उत्तर मिळते ते दर चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम, असे. हे माप तरुण स्त्रियांच्या सरासरीशी ताडून, सरासरीपासून किती प्रमाण विचलने खाली आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे टी-स्कोअर. आपल्याच वयाच्या स्त्रियांशी केलेली तुलना म्हणजे झेड-स्कोअर. या दोहोंतील गल्लत फार होते. ‘वयाच्या मानाने ठीक’ हा शेरा झेड-स्कोअरचा असतो. पंचाहत्तरीच्या बहुतेक स्त्रियांची हाडे विरळ झालेली असतात, तेव्हा त्यांच्यात बरोबरीने उभे राहणे हे काही बळकटीचे प्रमाणपत्र नव्हे.

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने अहवाल दिला आणि रेघ ओढली. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. उणे १ ते उणे २.५ यांमध्ये असला तर ऑस्टिओपेनिया. कोणत्या देशात किती स्त्रियांची हाडे ठिसूळ आहेत याची मोजदाद एकाच मापाने व्हावी, हा तेव्हाचा मोठा हेतू होता. पुढे ती रेघ प्रत्येक स्त्रीच्या कागदावर निकाल म्हणून छापली जाऊ लागली. बँकेच्या व्यवहारातील लोकांना या प्रकाराची ओळख आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते. नियमाला कुठेतरी रेघ लागते म्हणून ती आहे. परंतु एकोणनव्वदाव्या दिवशी ते खाते सुदृढ होते आणि एक्याण्णवाव्या दिवशी बुडाले, असे कोणताही जाणता शाखाधिकारी मानत नाही. उणे २.४ आणि उणे २.६ यांत याहून अधिक अंतर नाही. एकच स्त्री आठवड्याने पुन्हा त्याच यंत्राखाली आडवी झाली, तर आकडा तेवढा हलूही शकतो.

मग हे माप भविष्य सांगते की नाही? सांगते, आणि बऱ्यापैकी सांगते. याची भक्कम परीक्षा अमेरिकेत झाली. १९८६ पासून बाल्टिमोर, मिनिआपोलिस, पिट्सबर्ग आणि पोर्टलंड या चार शहरांच्या परिसरातील पासष्ट वर्षांवरील ९,७०४ स्त्रियांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. कोणाचे हाड कधी मोडले, ते प्रत्येक वेळी तपासून टिपले गेले. १९९३ साली त्यांतील आठ हजारांहून अधिक स्त्रियांचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार खुब्याच्या मानेची घनता एका प्रमाण विचलनाने घटली की खुबा मोडण्याचा धोका २.६ पट होतो. सर्वांत विरळ हाडांच्या चौथ्या हिश्श्यातील स्त्रियांना सर्वांत दाट हाडांच्या चौथ्या हिश्श्याच्या तुलनेत साडेआठपट धोका होता. ज्या हाडाची चिंता, त्याच हाडाचे माप सर्वांत उपयोगी, हेही त्यातून स्पष्ट झाले.

तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र ताळेबंद मांडला गेला. सुमारे नव्वद हजार स्त्री-वर्षे आणि दोन हजारांहून अधिक अस्थिभंग त्यात जमेस धरलेले होते. रक्तदाबावरून पक्षाघाताचा जितका अंदाज येतो, साधारण तितकाच हाडांच्या घनतेवरून अस्थिभंगाचा येतो. आणि कोलेस्टेरॉलवरून हृदयविकाराचा येतो त्याहून तो चांगला असतो, असे त्यात आढळले. पण त्याच लेखकांनी पुढचे वाक्यही तितक्याच स्पष्टपणे लिहिले की, या मापाने धोका वर्तवता येतो, मात्र नेमक्या कोणत्या स्त्रीचे हाड मोडेल हे ओळखता येत नाही. पाळी थांबलेल्या सर्व स्त्रियांची सरसकट तपासणी करावी, अशी शिफारस त्यांनी केली नाही.

हे दुसरे वाक्य घराघरांत पोहोचलेच नाही. ते का महत्त्वाचे आहे, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रचंड पाहणीवरून कळते. सुमारे दीड लाख स्त्रियांची बोट, टाच किंवा मनगटापाशी मोजणी करून पुढील वर्षभर त्यांची खबर ठेवण्यात आली. ज्यांची हाडे मोडली त्यांपैकी ८२ टक्के स्त्रियांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर, म्हणजे रेघेच्या सुरक्षित बाजूस होता. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या अभ्यासात मोजणी खुब्यापाशीच केलेली होती, तरीही मणके सोडून इतर अस्थिभंग झालेल्या स्त्रियांपैकी केवळ ४४ टक्के जणी रेघेच्या खाली सापडल्या.

वाचणाऱ्याला हे विसंगत वाटेल. विरळ हाडांच्या स्त्रीला धोका अधिक, आणि तरीही बहुतेक अस्थिभंग इतरांचेच कसे? याचा उलगडा उधारीची वही चाळणाऱ्याला लगेच होईल. समजा एक हजार स्त्रिया आहेत. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल.) त्यांतील शंभर जणी रेघेखाली आहेत आणि त्यांच्यात शेकडा पाच जणींचे हाड मोडते, म्हणजे पाच. उरलेल्या नऊशेंमध्ये शेकडा दोनच जणींचे मोडते, म्हणजे अठरा. तेवीसपैकी अठरा अस्थिभंग ‘सुरक्षित’ गटातून आले. मोठ्या बुडव्या गिऱ्हाइकांवर दुकानदाराची नजर असतेच. पण वर्षअखेरीस जी रक्कम खरोखर बुडते, तिच्यात लहान आणि भरवशाच्या म्हटलेल्या खात्यांचाच वाटा मोठा निघतो, कारण ती खाती संख्येनेच फार असतात.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराचे जुने दुकान असलेल्या घरात हा गणिती मुद्दा हाडामांसाचा झाला. घरातील सून बावन्न वर्षांची. शिबिरातील चिठ्ठीवर तिचा आकडा उणे २.६ आला आणि दोन दिवस घर अस्वस्थ झाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई शिबिराला गेल्याच नव्हत्या. “माझं आता काय मोजायचं राहिलंय? तू दाखवून ये,” असे म्हणून त्यांनी सुनेच्या प्रवासाची तयारी स्वतः करून दिली होती. मुलाने गाडी काढली, पत्नीला जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि आधी विचारले, “पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कधी हाड मोडलंय का?”

“माझं नाही,” सून म्हणाली. “सासूबाईंचं मनगट मोडलं होतं, दोन वर्षांपूर्वी. अंगणात पाय घसरला होता.”

“त्यानंतर त्यांची काही तपासणी?”

“प्लास्टर काढलं, हात नीट झाला. मग काही नाही.”

“उंची कमी झाल्यासारखी वाटते?”

यावर सुनेला एकदम आठवले. स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरचा मेतकुटाचा डबा सासूबाईंना वर्षभरापासून काढता येत नव्हता. त्या नातवाला हाक मारत. पाठ दुखते असेही म्हणत. वयाचे म्हणून सर्वांनी ते सोडून दिले होते, त्यांनी स्वतःसुद्धा. डॉक्टर म्हणाले, “ताई, आज चुकीची फाईल माझ्यासमोर आली आहे. त्यांना घेऊन या.”

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या पाठीचा एक्स-रे काढला तेव्हा दोन मणके दबलेले दिसले. ते कधी दबले हे कोणालाच ठाऊक नव्हते. मणक्याच्या अशा अस्थिभंगांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा वेळेवर ओळखला जातो. बाकीचे पाठदुखी म्हणून लेपावर आणि गरम पाण्याच्या पिशवीवर निघून जातात. डेक्सा केले तर खुब्याचा टी-स्कोअर उणे २.३. कंबरेच्या मणक्यांचा त्याहूनही बरा, कारण म्हातारपणी मणक्यांच्या कडांना जे वाढीव हाड येते तेही यंत्र घनतेतच मोजते. मुलाने अहवाल वाचून विचारले, “यात तर ऑस्टिओपेनियाच लिहिलंय. मग औषध कशाला?” प्रश्न रास्त होता. कागदावरील शब्द तोच होता. डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशात धरला आणि म्हणाले की, मनगट आणि दोन मणके मोडून झाल्यावर हाड मोडण्याचा धोका किती, हे यंत्राला विचारण्याची गरज उरत नाही. औषध सासूबाईंचे सुरू झाले. सुनेचा खुब्याचा टी-स्कोअर उणे १.२ निघाला. टाचेच्या यंत्राने दाखविलेला उणे २.६ हा आकडा अर्थहीन नव्हता, पण जागतिक आरोग्य संघटनेची रेघ डेक्साच्या मापासाठी आहे आणि टाचेच्या ध्वनिलहरींच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही. तिला चालणे, दूधदही आणि सकाळचे ऊन एवढेच सांगितले गेले.

त्या घरात मनगटाच्या प्लास्टरपासून मणक्यांच्या एक्स-रेपर्यंत दोन वर्षे गेली. ती वर्षे कोणाच्या निष्काळजीपणाने गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. हात बरा झाला, पोळ्या लाटता येऊ लागल्या, आणि घरात त्या विषयाची वही बंद झाली. सासूच्या मनगटाचा सुनेच्या चिठ्ठीशी संबंध आहे हे कोणाच्या मनात येणार?

अमेरिकेतील त्याच चार शहरांच्या अभ्यासाने १९९५ मध्ये दुसरा निष्कर्ष मांडला, तो घनतेच्या निष्कर्षाइतका प्रसिद्ध झाला नाही. पण संसारी माणसाला तोच अधिक कामाचा आहे. घनता सोडून स्त्रीविषयी आणखी काय विचारावे, याचा त्यात शोध होता. आईचे खुब्याचे हाड मोडलेले असेल तर मुलीचा धोका दुप्पट. पन्नाशीनंतर स्वतःचे कोणतेही हाड मोडलेले असणे, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या गोळ्या, फेफऱ्यावरील औषधे, अंधूक प्रकाशात वस्तूंच्या कडा नीट न दिसणे, दिवसात चार तासांहून कमी वेळ पायांवर असणे, अशी ती यादी होती. तिच्यात एक गोष्ट तर यंत्राविना, पैशाविना घरीच कळण्यासारखी आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते का? ज्यांना येत नव्हते त्यांचा धोका वाढलेला होता. पाच किंवा अधिक कारणे जमलेल्या आणि हाडांची घनता आपल्या वयोगटाच्या खालच्या तृतीयांशात असलेल्या स्त्रियांमध्ये वर्षाला दर हजारी २७ जणींचा खुबा मोडला. दोनहून अधिक कारणे नसलेल्या आणि वयाच्या मानाने सामान्य घनतेच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण हजारी १.१ होते. घनतेचा आकडा एकटा असताना जे अंतर दाखवू शकत नाही, ते इतर रकान्यांसह मांडल्यावर असे लख्ख दिसते. कर्जाचा अर्ज केवळ खात्यातील शिलकीवर मंजूर होत नाही. मागची परतफेड, जामीनदार, धंद्याचा प्रकार, हे सारे पाहिले जाते. मागची परतफेड तर सर्वांत आधी.

याच विचारातून इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात जॉन कॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फ्रॅक्स नावाची गणनपद्धत तयार केली. वय, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा खुबा मोडलेला असणे, धूम्रपान, मद्य, स्टेरॉइड गोळ्या, संधिवाताचा एक विशिष्ट प्रकार अशी माहिती भरली की पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. घनतेचा आकडा असेल तर घालावा; नसला तरी उत्तर येते. भारतासाठीही तिची आवृत्ती आहे. टी-स्कोअर हे मागील शिलकीचे पत्रक मानले, तर हा पुढील दहा वर्षांचा अंदाज आहे, आणि डॉक्टरांशी बोलताना घरच्यांना तोच अधिक समजतो. उणे २.३ म्हणजे काय हे कोणाला उमगत नाही. शंभरांत इतक्या जणी, हे उमगते.

तिच्यातही उणिवा आहेत. मूळ गणनेत ‘गेल्या वर्षात किती वेळा पडलात’ हा प्रश्न नाही, आणि खुब्याची बहुतेक हाडे पडल्यानेच मोडतात. मधुमेहाचे तर विशेष सांगायला हवे, कारण गादीवर बसून धंदा करणाऱ्या घरांत तो पाहुणा राहिलेला नाही. उतारवयातील मधुमेहात हाडांची घनता बरेचदा चांगली, कधी सरासरीहून जास्तच दिसते, आणि तरीही ती हाडे मोडण्याचा धोका वाढलेला असतो. हाडाचा पोत बिघडतो, तो घनतेच्या मापात उतरत नाही. शिवाय पायांची संवेदना आणि दृष्टी मंदावल्याने पडणेही वाढते. मधुमेही स्त्रीच्या हिरव्या पट्ट्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

भारतीय स्त्रियांच्या बाबतीत उलट दिशेची एक फसगतही संभवते. डेक्सा हे घनमापाचे यंत्र नाही. ते हाडाची सावली पाहते आणि त्या सावलीच्या क्षेत्रफळामागे किती खनिज आहे ते सांगते. एकाच धान्याच्या दोन गोणी समोरून पाहाव्यात. मोठी गोणी मागेही जास्त जाड असते, म्हणून तिच्या दर्शनी चौरस फुटामागे धान्याचे वजन अधिक भरते. धान्य मात्र तेच. लहान चणीच्या स्त्रीचे हाड लहान, त्यामुळे तिचा आकडा थोडा कमीच येतो. त्यातच खुब्याच्या टी-स्कोअरसाठी जो तुलनेचा आधार सर्वत्र वापरतात, तो अमेरिकेतील गोऱ्या तरुण स्त्रियांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील निरनिराळ्या केंद्रांवर तरुण स्त्री-पुरुषांची मोजणी करून २०१० साली भारतीय प्रमाणे प्रसिद्ध केली. कोणता आधार घेतला यावर एकाच स्त्रीच्या कागदावरील शब्द बदलू शकतो. अहवाल वाचताना डॉक्टरांना तेवढे विचारायला हरकत नसावी.

दरवर्षी पुन्हा मोजणी करण्याची हौसही काही घरांत दिसते. २०१२ साली त्याच अमेरिकी अभ्यासातील सदुसष्ट वर्षांवरील ४,९५७ स्त्रियांच्या नोंदींवरून असे दिसले की, घनता सामान्य किंवा किंचितच कमी (उणे १.५ च्या वर) असलेल्या शंभरांतील दहा जणी रेघेखाली जायला सुमारे सतरा वर्षे लागतात. उणे १.५ ते उणे २ असेल तर सुमारे पाच वर्षे, आणि उणे २ च्या खाली असेल तर जेमतेम एक वर्ष. पहिल्या गटातील स्त्रीला दर वर्षी यंत्राखाली झोपवणे म्हणजे मुदतठेवीचे व्याज रोज विचारायला जाणे. तिसऱ्या गटातील स्त्रीला पाच वर्षे विसरणे मात्र महागात पडेल. पुन्हा मोजायचेच तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. दोन यंत्रांचे आकडे शेजारी मांडून काही कळत नाही.

धोका आधी ओळखून काही साधते का, हाही हिशेब झाला आहे. इंग्लंडमध्ये सत्तर ते पंच्याऐंशी वयाच्या १२,४८३ स्त्रियांपैकी अर्ध्यांची फ्रॅक्सने छाननी केली, ज्यांचा धोका अधिक त्यांची घनता मोजून उपचार सुचवले आणि उर्वरित अर्ध्यांची नेहमीप्रमाणे देखभाल चालू ठेवली. २०१८ मध्ये निकाल छापून आला. एकूण अस्थिभंग फारसे घटले नाहीत, परंतु खुब्याचे अस्थिभंग २८ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक वर्षभरात दगावतो, आणि उरलेल्यांतील कित्येक जण पुन्हा आधाराविना चालू शकत नाहीत, हे लक्षात घेतले तर हा आकडा लहान नाही. औषधांचा गुणही तपासलेला आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेट या औषधाच्या १९९६ मधील परीक्षेत, मणका आधीच दबलेल्या स्त्रियांमध्ये तीन वर्षांत खुब्याचे अस्थिभंग निम्म्यावर आले. अशा स्त्रीला नुसती कॅल्शियमची गोळी देऊन समाधान मानणे पुरेसे नाही. हे औषध सकाळी रिकाम्या पोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यावे लागते आणि नंतर अर्धा तास आडवे न होता राहावे लागते. ज्यांचा नवकारशीचा नियम आहे, त्यांनी पच्चक्खाण पारल्यावर प्रथम गोळी आणि पाणी, अर्ध्या तासाने दूध-नाश्ता, असा क्रम ठेवला तर नियमही राहतो आणि औषधही लागू पडते. लागोपाठ उपवासांच्या दिवसांत काय करावे ते मात्र आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही मिळते, तेव्हा मार्ग निघतो.

त्या मराठवाड्यातील घराने आणखी दोन कामे केली. न्हाणीघराचा उंबरा काढला आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. सासूबाईंची वर्षानुवर्षे चालत आलेली झोपेची गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली. मेतकुटाचा डबा खालच्या फळीवर आला.

उतारवयातील स्त्रीला तपासणीसाठी नेताना नुसती शिबिराची चिठ्ठी नेऊ नये. जुन्या प्लास्टरचे कागद असतील तर ते, सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, तरुणपणी उंची किती होती याची आठवण, आणि तिच्या आईचा खुबा मोडला होता का याचे उत्तर एवढे बरोबर असावे. शेवटचे उत्तर बहुतेक घरांत कोणाला ठाऊक नसते. त्यासाठी तिच्या माहेरी, एखाद्या वडीलधाऱ्या मामीला फोन करावा लागेल. मामी आहेत तोवर तो करून घ्यावा.